फ्रिजसाठी आठ इंच ओटा कापला

जुळे सोलापुरात आम्ही फ्लॅट घेतला तो वापरलेला. आधीच्या मालकांनी स्वयंपाकघरात ओट्याच्या उजव्या टोकाला फ्रिजसाठी खण केलेला होता. एका अंगाला ओट्याचा उभा कडप्पा, दुसऱ्या अंगाला भिंत आणि वर साडेपाच फुटांवर आडवा कडप्पा, डबे ठेवायला. रुंदी बरोबर दोन फूट. साखर पेठेतल्या घरातून आणलेला आमचा एका दाराचा फ्रिज त्यात गेला, आणि 'बसतोय की' म्हणून आम्ही बाकीच्या सामानाकडे वळलो.

तो फ्रिज पाठीवर काळी जाळी असलेला, जुन्या पद्धतीचा. सासूबाईंचा त्या जाळीवर भारी जीव. पावसाळ्यात पोरांचे मोजे, रुमाल तिथे वाळायचे. थंडीत विरजणाचं भांडं फ्रिजच्या मागच्या अंगाला सरकवलं की सकाळपर्यंत दही घट्ट लागायचं. म्हणजे फ्रिज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, हे आमच्या घरात कुणाला शिकवायला नको होतं. तरी नवा, दोन दारांचा घ्यायचा ठरला तेव्हा बोलणं झालं ते किती लिटरचा, कुठल्या रंगाचा आणि हप्ता किती बसेल यावर. बाहेर टाकलेली उष्णता पुढे कुठे जाणार, हे कुणीच विचारलं नाही.

मला ते सुचलं खालच्या मजल्यावरच्या वहिनींमुळे. त्यांनी आदल्या वर्षी स्वयंपाकघर मॉड्युलर केलं होतं. फ्रिज प्लायच्या कपाटात, तिन्ही बाजूंनी अगदी चपखल, दिसायला देखणा. एप्रिल लागला आणि दूध नासायला लागलं, बर्फ धरेना, मशीन रात्रंदिवस घरघरत राहिलं. दुरुस्तीवाला आला. पाना काढायच्या आधी त्यानं फ्रिजच्या बाजूच्या पत्र्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग म्हणाला, "आधी ह्याला भाईर काढा, उद्या बघू." फ्रिज कपाटातून ओढून हॉलमध्ये ठेवला, दुसऱ्या दिवशी बर्फ जमला. बिघाड काहीच नव्हता. तो फ्रिज अजून हॉलमध्ये टीव्हीशेजारीच आहे आणि प्लायच्या कपाटात झाडू आणि इस्त्रीचं टेबल राहतंय.

मी टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघते. मागाच्या मोटारीवर सुताचा भुसका साचला की आमचा फोरमन डोकं फिरल्यासारखा ओरडतो, कारण वारा न लागणारी मोटार तापते आणि तापून जळते. फ्रिजचं दुखणं वेगळं नाही. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबलेला गॅस तापतो, तो नळ्यांतून फिरताना आपली उष्णता आजूबाजूच्या हवेला देतो आणि थंड होऊन परत आत जातो. ही देवाणघेवाण व्हायची तर नळ्या हवेपेक्षा गरम असाव्या लागतात. हवाच तापलेली असली तर नळ्यांना त्याहून जास्त तापावं लागतं, कॉम्प्रेसरला जास्त वेळ आणि जास्त जोरानं चालावं लागतं. बंद खणात तीच तीच हवा पुन्हा तापत राहते. त्यात हे सोलापूर. मे महिन्यात पारा ४३च्या वर जातो ते आपल्याला नवीन नाही.

फ्रिजवरच्या माहितीच्या पट्टीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. इंग्रजी अक्षरांत 'एन' असेल तर यंत्र १६ ते ३२ अंशांच्या खोलीसाठी, 'एसटी' असेल तर ३८ पर्यंत, 'टी' असेल तर ४३ पर्यंत. आपण 'टी'च घ्यायचा यात वाद नाही. पण ४३ म्हणजे खोलीतली हवा, फ्रिजला वेढून बसलेली नव्हे. खणात कोंडलेली हवा खोलीपेक्षा सात-आठ अंशांनी वर गेली, तर मार्चमध्येच आपला फ्रिज मे महिना भोगायला लागतो.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उरकली की स्वयंपाकघराचं काम काढायचं आणि ऊन तापायच्या आत संपवायचं, असं ठरलं. ओट्यावरचा जुना कडप्पा काढून ग्रॅनाइट बसवायचा होता, टाईल्स बदलायच्या होत्या. त्यातच फ्रिजचा खण नीट करून घ्यायचा.

आधी नवी पेठेत फिरले. दुकानात विचारलं, किती जागा सोडायची? एका ठिकाणी उत्तर आलं, "दोन-दोन इंच सोडा, बास." दुसऱ्या ठिकाणी, "आता नवीन मॉडेलला मागं जाळीच नसती मॅडम, भिंतीला चिटकवलं तरी चालतंय." हे दुसरं ऐकायला बरं वाटतं आणि तिथेच फसगत आहे. पाठीवरची जाळी गेली म्हणजे उष्णता गेली असं नाही. नळ्या आता बाजूच्या पत्र्यांच्या आत बसवलेल्या असतात. म्हणून नव्या फ्रिजचे दोन्ही गाल गरम लागतात. काही नळ्या दाराच्या चौकटीतूनही फिरवलेल्या असतात, तिथे घाम धरू नये म्हणून. ती चौकट कोमट लागली तर घाबरायचं कारण नाही. पण याचा अर्थ असा, की जुन्या फ्रिजला पाठीमागे जागा हवी होती, नव्याला ती बाजूंनाही हवी. आमच्या खणात नेमकी बाजूंनाच नव्हती.

दुकानातून मॉडेलचा नंबर लिहून घेतला आणि घरी येऊन कंपनीच्या वेबसाइटवरून त्याची माहितीपुस्तिका उतरवली. फ्रिज घरी आल्यावर खोक्यातून जी निघते तीच, फक्त पैसे देण्याआधी वाचलेली. आमच्या पसंतीच्या मॉडेलची रुंदी ५५.५ सेंमी, खोली ६४ सेंमी, उंची १४८ सेंमी. सोडायची जागा: दोन्ही बाजूंना ५, मागे १०, वर ३० सेंमी. दुसऱ्या कंपनीची पुस्तिका सहज उघडून पाहिली तर तिथले आकडे वेगळे. त्यामुळे शेजाऱ्यांनी किती सोडली हे विचारून उपयोग नाही, आपल्या मॉडेलचं पान काढायचं. आणखी एक सूचना होती: हवा खेळायची वाट कशानंही बुजवू नका. यामागे उष्णतेशिवाय दुसरंही कारण आहे. आताच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, आणि तो पेट घेणारा वायू आहे. असतो अगदी थोडा, बहुधा शंभर ग्रॅमच्या आत, त्यामुळे घाबरून जायचं काम नाही. पण कधी गळलाच तर तो कोंडून राहू नये.

हिशेब मांडला. रुंदी ५५.५ अधिक ५ अधिक ५, म्हणजे ६५.५. खण ६१चा. उंची १४८ अधिक ३०, म्हणजे १७८; वरचा कडप्पा १६७वर. फ्रिज खणात गेला असता, सहज गेला असता, आणि तेच खरं धोक्याचं. न जाणारा फ्रिज निदान दारातून परत तरी जातो.

मग दाराचं काढलं. आपल्याकडच्या फ्रिजची बिजागरी बहुधा उजवीकडे असते, आणि आमच्या खणाला उजवीकडेच भिंत. दार काटकोनात उघडलं की पाण्याची बाटली काढता येते, पण खालचा भाजीचा ट्रे पूर्ण बाहेर येत नाही, दाराच्या कप्प्यांना अडतो. हे कुठे वाचलेलं नव्हे, नवी पेठेतल्याच दुकानात करून पाहिलेलं. दार ९० अंशांत धरून ट्रे ओढला: अर्ध्यावर अडकला. दार हळूहळू आणखी उघडत गेले आणि जिथे ट्रे सुटा झाला तिथे थांबवून, फ्रिजच्या बाजूच्या पत्र्यापासून दाराच्या टोकापर्यंत आडवी टेप लावली. सात इंच आणि वर थोडं. दुकानातला पोरगा माझ्याकडे पाहत होता, त्याचा मालक त्याच्याकडे. मी आठ इंच धरले.

आठ इंच म्हणजे २० सेंमी. भिंतीकडून २०, ओट्याकडून ५, मध्ये फ्रिज ५५.५. बेरीज ८०.५ सेंमी, म्हणजे बत्तीस इंच. खण चोवीसचा. उरलेले आठ इंच ओट्यातून कापायचे.

घरात हे सांगितलं त्या संध्याकाळी जेवणं जरा गप्पच झाली. सात फुटांचा ओटा, त्यातले आठ इंच जाणार. नवऱ्याचं म्हणणं, लहान फ्रिज घे. सासऱ्यांचं म्हणणं, एवढी वर्षं दहीदूध कुणाचं नासलं नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं विचारलं, "मग मी भाकरी कुठं थापू?" प्रश्न बरोबर होता. आमच्याकडे रोज ज्वारीची भाकरी, काठवट ओट्यावर गॅसच्या डाव्या हाताला असते, आणि काठवटीला कोपरभर जागा मोकळी नसली तर थापणारीचा हात अडखळतो.

यावर बोलून निकाल लागला नसता. मी ओट्याच्या उजव्या टोकापासून आठ इंचांवर एक रंगीत चिकटपट्टी आडवी लावली आणि म्हटलं, आई, काही दिवस या पट्टीच्या पलीकडे काही ठेवायचं नाही, नाही जमलं तर ओटा आहे तसा राहील. पहिल्या दिवशी पट्टीपलीकडून काय उचललं ते पाहण्यासारखं होतं: मिक्सरची दोन भांडी, औषधांचा डबा, चष्म्याचं घर, लाईटचं बिल आणि शेंगाचटणीची रिकामी बरणी. स्वयंपाकाचं एकही भांडं नाही. काठवट तिच्या जागी, गॅस त्याच्या जागी, पोळपाट मध्ये. चार दिवसांनी सासूबाईच म्हणाल्या, "काप बाई. बिल ठेवायला ओटा कशाला पायजे."

मिस्त्री मात्र शेवटपर्यंत राजी नव्हता. माणूस कामाला चोख. मदतनिसाशी तेलुगूत बोलायचा, आमच्याशी मराठीत, आणि दोन्हींत सारखाच टोमणा मारायचा. पेन्सिलची खूण पाहून म्हणाला, "वैनी, फ्रिज अन् भिंतीच्या मधी आठ इंच सोडून काय करताव? झुरळं पाळायचेत का?" मदतनीस फिदीफिदी हसला. मी त्याला दार उघडून ट्रे कसा अडकतो ते भिंतीवर चित्र काढून दाखवलं. "मग फ्रिज थोडा पुढं घ्या की." पुढे घेऊन काही होत नाही, भिंत सरळ पुढेही गेलेली आहे, दार तिलाच आपटणार. त्यानं डोकं खाजवलं, स्वतः मोजलं आणि म्हणाला, "मग आतमधी कडप्प्याच्या फळ्या तरी टाकून देतो. जागा वाया कशाला घालवायची?"

मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतात, हे मी त्या महिन्यात पुरेपूर पाहिलं. नवऱ्यानं तिथे रिकामा सिलिंडर ठेवू या म्हटलं. ते मी लगेच उडवून लावलं. सासऱ्यांना पाण्याचं पिंप हवं होतं. आपल्या गावात नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा पिंपाचा विचार कुणाच्याही मनात पहिला येणार. पण पिंप आठ इंचांत मावत नाही, आणि मावलं असतं तर फ्रिजच्या गालाला गाल लावून बसलं असतं. शेवटी तोड सासूबाईंनीच काढली. दार उघडताना जी जागा लागते ती फ्रिजच्या तोंडापुढची. बाजूची आठ इंच फट दारासाठी रिकामी राहायची गरज नाही, तिथे फक्त फ्रिजजवळची दोन इंच हवा सोडली की झालं. भिंतीला खुंट्या मारून परात, मोठा तवा आणि काठवट उभी टांगली. भिंतीपासून चार इंच. फ्रिजला कशाचाच स्पर्श नाही, आणि ओट्यावरची आणखी थोडी जागा सुटली ती वेगळीच.

मापाच्या बाबतीत मिस्त्रीकडून मी बरंच शिकले, हेही सांगायला हवं. पुस्तिका सेंटिमीटरमध्ये, तो इंच आणि सुतात. आठ सुतांचा इंच, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरच्या थोडं वर. मी कागदावर दोन्ही मापं शेजारी शेजारी लिहून दरवाजाच्या मागे चिकटवली, म्हणजे 'पाच' म्हटलं की कशातले पाच असा घोळ नको. त्यानं ओळंबा सोडून दाखवला: उजवी भिंत खालच्या आणि वरच्या टोकात तीन सुतांनी कलती. म्हणून रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी घ्यायची आणि सगळ्यात कमी भरेल ती खरी मानायची. खोलीचंही तसंच, कारण जमिनीलगत स्कर्टिंगची पट्टी अर्धा इंच पुढे आलेली असते आणि फ्रिजचा खालचा भाग तिथेच आधी टेकतो.

टाईल्सचं गणित सगळ्यात फसवं. जुनी टाईल खरवडून भिंत उघडी झाली की खण एकदम मोठा दिसतो. त्या दिवशी टेप लावली असती तर तेहेतीस इंच भरले असते. वर माल आणि नवी टाईल चढली की एका भिंतीमागे पाऊण ते एक इंच सहज खातात. मी म्हटलं, मिस्त्री, मला बत्तीस टाईल धरून पाहिजेत. त्यानं विटेवर मोठ्या अक्षरांत '३२ तयार' असं लिहून खाली रेघ मारली. फ्रिजच्या मागच्या भिंतीला मात्र टाईल लावलीच नाही. तिथे कुणाची नजर जात नाही, फोडणी उडत नाही, नुसता ऑइलपेंट मारला. तो इंच फ्रिजच्या पाठीला मिळाला.

ही मागची भिंत पश्चिमेची. उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला स्वयंपाकघरात जाऊन तिला तळहात लावला तर माणूस तापल्यासारखी लागते, रात्री नऊपर्यंत तशीच. दुसरी भिंत उपलब्ध असती तर मी फ्रिज तिथे ठेवला असता. नव्हती. म्हणून मागच्या दहा सेंटिमीटरवर मी एक सूतही सोडलं नाही.

तिथे अडचण आली प्लगची. आधीच्या मालकांनी पॉइंट नेमका फ्रिजच्या पाठीमागे, दीड फुटावर काढला होता. तीन पिनांचा प्लग आणि त्यातून वळणारी जाड वायर मिळून अडीच इंच पुढे येतात. फ्रिज मागे ढकलला की तो प्लगवर रेलतो, वायर मुडपते, आणि फ्रिज बंद करायचा तर आधी तो ओढून बाहेर काढा. वायरमनला सांगून पॉइंट उजव्या भिंतीवर, परातीच्या वर, हात पोचेल असा घेतला. वायर तिथपर्यंत पुरते का ते आधी पाहिलं, कारण एक्स्टेन्शन बोर्ड लावायचा नव्हता. वीज वरखाली व्हायला लागली की आता उभ्या उभ्या बटण बंद करता येतं.

वरचा कडप्पा काढण्यावरून फारसं रामायण झालं नाही. त्यावर लोणच्याच्या बरण्या होत्या, त्या खालच्या कपाटात गेल्या. आता फ्रिजच्या डोक्यावर थेट सात फुटांवरचा माळा.

ओटा कापला त्या दिवशी धुरळ्यानं घर पांढरं झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

फ्रिज आला तो दुपारी, टेम्पोतून, उभा. आणणाऱ्या पोरांना जिन्याच्या वळणावर तो आडवा करायचा होता. मी जिन्यातच उभी राहिले. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं, आणि मग सरळ करून काही तास तसाच ठेवल्याशिवाय चालू करू नये असं पुस्तिका सांगते. तिरका झालाच थोडा, म्हणून संध्याकाळपर्यंत प्लग लावला नाही. पोरांनी सोबत एक प्लास्टिकचा स्टँड फुकट आणला होता. स्टँडनं उंची वाढते, डगमग वाढते आणि आमच्याकडे फरशी धुण्याऐवजी पुसली जाते. स्टँड परत पाठवला. पुढचे दोन पाय फिरवून फ्रिज समोरून किंचित उंच केला. अर्धवट उघडं दार सोडलं की आपोआप मिटायला पाहिजे. आमचं पहिल्यांदा जागीच थांबलं, मग एक आटा फिरवला, तेव्हा मिटलं.

आता फ्रिज ओट्याच्या कडेपेक्षा पाच इंच पुढे आलेला आहे. येणाऱ्या प्रत्येकाला ते खटकतं. "जरा आत गेला असता तर बरं दिसलं असतं." मला ते बरोबर वाटतं तसंच. दार आणि त्याची मूठ ओट्याच्या रेषेच्या पुढे असली की बोटांना धरायला जागा राहते, ओट्यावरच्या कुकरच्या कानाला दार घासत नाही. फ्रिज कपाटांच्या रेषेत बसवण्याची हौस असेल तर त्यासाठीच बनवलेले फ्रिज मिळतात. त्यांतल्या बऱ्याच फ्रिजची हवा पुढून खालून आत जाते आणि पुढूनच बाहेर येते. साधा फ्रिज घेऊन त्याला त्यांच्यासारखं कोंडायचं, हे माझ्या मते पैसे देऊन दुखणं घेणं आहे.

फ्रिज उभा राहिला आणि दुसऱ्याच दिवशी नणंदेनं फ्रिजचं कव्हर पाठवलं. वर झालर, दोन्ही बाजूंना कप्पे, कप्प्यांत लिंबू-मिरची ठेवायची सोय. कापड जाड, आत फोम. म्हणजे ज्या गालांना वारा लागावा म्हणून ओटा कापला त्यांनाच गोधडी घालायची! नणंदेचं मन मोडू नये म्हणून झालर तेवढी कापून वर अंथरली, कप्पे शिलाईतून उसवून भिंतीवर टांगले. फ्रिजच्या डोक्यावर मात्र कडक भाकरीचा डबा ठेवायची सासूबाईंची जुनी सवय सुटली नाही. तिथे भाकरी सादळत नाही हे खरंच आहे, आणि एक डबा म्हणजे काही कडप्पा नव्हे. मी सोडून दिलं.

मे महिन्यात मी परीक्षा घेतली. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर रात्रभर ठेवला. सकाळी चार अंश. दुपारी तीनला, बाहेर आग ओतत असताना, बाजूच्या पत्र्याला हात लावला. गरम होता, पण हात ठेवून 'एक, दोन, तीन' म्हणता येत होतं. कारखान्यातून आणलेला सुताचा एक सुटा धागा, अगदी पिळ उलगडलेला, दोन बोटांत धरून फ्रिज आणि परातीच्या मधल्या फटीत वरून सोडला. कॉम्प्रेसर बंद होता तोवर तो सरळ लोंबत राहिला. कॉम्प्रेसर लागला, थोड्या वेळानं पत्रा तापला, आणि धाग्याचं खालचं टोक हळूच वर उचललं जाऊन थरथरायला लागलं. खालून हवा येत होती आणि वर जात होती. मी मिस्त्रीला बोलावून दाखवलं असतं, पण तो तेव्हा होटगी रोडला कुणाची तरी जागा वाया जाऊ देत नव्हता.

एक त्रास उरला आहे तो ओट्याकडच्या दोन इंचांचा. भाकरीचं पीठ, मोहरी, शेंगदाणे, चमचे, एकदा तर उलथनं, सगळं त्या फटीत जातं. त्यात पट्टी ठोकून ती बुजवायची नाही, यावर मी ठाम आहे. ओट्याच्या त्या कडेला ग्रॅनाइटची अर्धा इंच उंच पट्टी चिकटवून घेतली, तेव्हापासून दाणे अडतात. चमचे अजून उडी मारतात. त्यासाठी सासऱ्यांनी जुन्या छत्रीच्या काडीला टोकाशी आकडा करून ठेवला आहे, परातीच्या खुंटीलाच अडकवलेला. फ्रिजला खाली मागे चाकं आहेत, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी तो पुढे ओढून मागची धूळ आणि कॉम्प्रेसरजवळचा भुसका झाडते; आमच्या भागात सुताचा कण हवेत असतोच. त्या वेळी मोहरीही निघते, मूठभर.